दहापर्यंत

बाईंनी तोंडातली शिट्टी काढून मुठीत धरली आणि गर्दीत खांदा घातला. हातघाईवर आलेल्यांना शिट्टी ऐकू येत नाही, एवढं खेळाच्या शिक्षिकेला वीस वर्षांत कळलं होतं. पाण्याच्या नळापाशी नववीतल्या दोघी एकमेकींच्या झिंज्या धरून उभ्या होत्या आणि बाकीचा वर्ग फुकटचा तमाशा बघत होता.

बाईंची रीत ठरलेली. मागून जायचं, काखेतून हात घालून धरायचं, गर्रकन भिंतीकडे वळवायचं आणि कानात सांगायचं, "दहा मोज." सुरुवात कोणी केली, ते नंतर. आजवर त्यांनी एकाही मुलावर हात उगारला नव्हता. नव्या शिक्षकांना हे त्या जरा जास्तच वेळा ऐकवत.

त्यांनी दोघींतल्या उंच मुलीला धरलं, तेवढ्यात दुसरीचं कोपर त्यांच्या नाकावर बसलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. चष्मा फरशीवर पडून कुणाच्या तरी बुटाखाली फुटला. मागे कोणीतरी फिदीफिदी हसलं.

"मध्ये कशाला तडमडता?" कोपर मारणारी ओरडली.

बाईंनी उंच मुलीला सोडलं. त्यांचा हात वर गेला. समोरच्या मुलीने डोळे गच्च मिटून मान खांद्यांत ओढून घेतली. ते बाईंना स्वच्छ दिसलं, तरी हात थांबेना.

इतक्यात मागून दोन काटकुळे हात त्यांच्या काखेतून आले आणि बाई गर्रकन फिरल्या. नाकासमोर भिंत.

"बाई, दहा मोजा."

आवाज तोफेचा होता. दहावीतल्या या मुलीला सगळी शाळा तोफ म्हणायची. निम्म्या मारामाऱ्या तिच्याच, आणि बाईंनी सगळ्यांत जास्त वेळा भिंतीकडे वळवलेलीही तीच.

"सोड मला."

"मोजा ना. सहापर्यंत काही होत नाही. सातनंतर जरा बरं वाटतं."

बाई मोजू लागल्या. आपण मारणार होतो, एवढंच डोक्यात घुमत होतं. नाकातलं रक्त ओठांवर आलं. आता मागे कोणीही हसत नव्हतं. सातला हात खरोखरच सैल पडला.

मुख्याध्यापिका धावत आल्या, तोवर तोफ बाजूला होऊन चष्म्याच्या काचा गोळा करत होती.

"अहो बाई, रक्त! काय झालं?"

"भांडण झालं. बाईंनी सोडवलं," तोफ खाली बघतच म्हणाली.

कोपर मारणारी अजून गालावर हात धरून उभी होती, न बसलेल्या थपडेवर.

भांडणांची वही बाईंकडेच असे. शेवटच्या तासाला त्यांनी ती चष्म्याविना डोळ्यांजवळ धरली. 'सोडवणारे' या रकान्यात वरपासून खालपर्यंत त्यांचीच सही होती. त्याखाली त्यांनी तोफेचं खरं नाव लिहिलं. मग 'भांडणारे' या रकान्यात दोघी मुलींच्या नावांखाली स्वतःचं नाव लिहिलं आणि वही मुख्याध्यापिकांच्या टेबलावर उघडीच ठेवली.