ओडेल व्हिटफील्ड यांची हजेरी

नाव झाकलं की माणूस सुरक्षित, असं हर्षिता मेश्रामला अगदी मनापासून वाटायचं. का वाटू नये? शाळेत मास्तर तिचं आडनाव असं काही चघळत उच्चारायचे, की सगळा वर्ग वळून बघायचा. कृष्णवर्णीय पुरुषांच्या शालेय अनुभवांवर देशोदेशी चाललेल्या संशोधनात ती अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलहून काम करायची. मुलाखतींच्या रेकॉर्डिंगमधून खरी नावं कापायचं काम तिनं हौसेनं मागून घेतलं होतं.

ओडेल व्हिटफील्ड मात्र मुलाखत देतानाच अडून बसले. निवृत्त बसड्रायव्हर, आवाज खर्जातला. "पहिलीत टीचरनं हजेरीला माझं नाव कधी घेतलंच नाही. नुसतं बोट दाखवायची. तुमच्या पुस्तकात नाव आलंच पाहिजे, पोरी."

"लपलेलंच बरं असतं, मिस्टर व्हिटफील्ड," हर्षिता म्हणाली. त्यांची संमतीची एक सही घेतली असती, तर नाव ठेवता आलं असतं. घेतली नाही. शहाणी ना ती!

पुढच्याच आठवड्यात म्हातारा हार्ट अटॅकनं गेला.

बातमी कळली त्या दुपारी तिनं ऑफिसात त्यांची फाइल लावली. नाव कापलेल्या जागी शांतता हवी होती. तिथं एक लहान मुलगा म्हणाला, "हिअर, मॅम."

अगं बाई! पुढच्या कापलेल्या जागीही तोच, जरा मोठ्यानं. तिनं शेजारच्या राजेशला हेडफोन दिले.

"ब्लँक आहे यार," तो म्हणाला. "कॉफी घे जरा."

शेवटच्या जागी तर पोरगं रडकुंडीला आलं होतं. हर्षिताला भीती वाटलीच, पण त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. मूळ रेकॉर्डिंग अजून शिल्लक होतं. नियम गेला खड्ड्यात, म्हणत तिनं प्रत्येक नाव परत जागेवर बसवलं. घ्या काका, तुमचं नाव.

मग तिनं प्ले केलं.

"मी ओडेल व्हिटफील्ड," म्हातारा खर्जात म्हणाला. मुलाचा आवाज आला नाही. कुठेतरी खडू ठेवल्यासारखं वाजलं, आणि एका बाईनं स्वच्छ, प्रेमळ आवाजात हाक मारली, "ओडेल व्हिटफील्ड?"

कुणीच ओ दिली नाही. बाईंनी पुन्हा नाव घेतलं आणि त्या थोडं थांबल्या.

"ॲबसेंट," त्या म्हणाल्या, आणि हजेरीतलं पुढचं नाव घेतलं.