चार बुश आणि एक पोतं

दाजींची गाडी गॅरेजच्या दारात पाचव्यांदा येऊन उभी राहिली, तेव्हा मिस्त्रीने पाना खाली ठेवला आणि सरळ कपाळाला हात लावला. दुसरं कुणी गिऱ्हाईक असतं तर एव्हाना चांगलं फैलावर घेतलं असतं. पण पडला थोरल्या बहिणीचा नवरा, बोलायची सोय नाही.

गाडी जुनी, दोनच सीटची, पळायला एक नंबर. तिची मागची चाकं आणि त्यांचा सगळा संसार एका लोखंडी चौकटीवर बसतो, तिला सबफ्रेम म्हणतात, आणि ही सबफ्रेम चार रबरी बुशांवर, म्हणजे धक्का झेलणाऱ्या जाड गोल तुकड्यांवर, बॉडीखाली टांगलेली असते. रबर म्हातारं झालं की चौकट वळणावर सरकते आणि गाडीचं मागचं अंग मनाला येईल तसं वागतं. दुखणं एवढंच. औषधही साधं. पण साध्यावर भागलं तर ते दाजी कसले.

त्यांच्या अटी दोन. वळणावर गाडी तसूभर हलता कामा नये, आणि ताईला एक धक्का बसता कामा नये. ताईच्या मणक्याचं ऑपरेशन होऊन सव्वा वर्ष झालं होतं. त्याआधी वीस वर्षं दर रविवारी ती दाजींच्या शेजारी बसून घाटरस्ते पालथे घालायची. ऑपरेशननंतर ते बंद पडलं होतं. गाडी मनासारखी झाली की ती पुन्हा दर रविवारी बसेल, या एका आशेवर दाजी होते, आणि त्यांच्या आशेपायी मिस्त्री गाडीखाली मान मोडून घेत होता. त्यालाही ताई त्या सीटवर बघायची होती, म्हणून तर तो दर वेळी राग गिळायचा.

पहिल्या खेपेला त्याने ॲल्युमिनियमचे भरीव बुश घातले. मागचं अंग असं घट्ट झालं की विचारू नका. दाजी चार दिवसांत हजर: आत घरघर येते, सीट थरथरते, तिला कसं सोसेल? बरं. दुसऱ्या खेपेला नवं रबर. आता म्हणे डुलते. तिसऱ्या खेपेला त्याने चौकटीच्या कोपऱ्यांना पट्ट्या वेल्ड केल्या आणि बुश रबराचेच ठेवले. चौकट कितीही ताठ करा, धक्का आत पोचवायचा की नाही ते बुश ठरवतो, हे त्याने घसा कोरडा होईपर्यंत समजावलं. काम इतकं सुबक झालं होतं की त्याने दोनदा हात फिरवून बघितलं. दाजींनी मान डोलावली आणि आठवड्याने परत आले. चौथ्या खेपेला चौकटीचे पुढचे दोन बुश जरा कडक, पॉलीचे, म्हणजे टणक प्लास्टिकसारखे, आणि मागचे दोन रबराचे. आणि आता ही पाचवी.

दर दुरुस्तीनंतर ताई एक चक्कर मारून बघते असं तो धरून चालला होता; ती काय म्हणते, त्याने विचारलं. अजून जरा धक्के बसतात, दाजी म्हणाले. कुठे बसतात, कमरेत की मानेत? खड्ड्यात, की सपाट रस्त्यावरसुद्धा? दाजी चाचरले, विचारून सांगतो म्हणाले. इथे मिस्त्रीचं डोकं सटकलं. दीड महिना हेच चाललं होतं. ताईपाशी गाडीचा विषय काढायचा नाही, तिला वाईट वाटतं, अशी दाजींची ताकीद, आणि मिस्त्री शहाण्यासारखा ती पाळत आलेला. आता मीच शेजारी बसून बघतो, म्हणत त्याने दार उघडलं.

सीटवर वाळूचं पोतं बसलं होतं. व्यवस्थित, पट्टा लावून. वर चिकटपट्टीने एक डबा बांधलेला, त्यात पाणी, आणि निम्मं पाणी सांडून पोत्याचं पोट ओलं झालेलं.

"अठ्ठावन्न किलो आहे," दाजी खाली बघत म्हणाले. "बरोबर तिच्याएवढं."

म्हणजे ताई गाडीत बसलीच नव्हती. चारही दुरुस्त्यांनंतर एकदासुद्धा नाही. डब्यातलं पाणी सांडलं की ताईची कंबर दुखली असं धरून हा माणूस गाडी घेऊन यायचा, आणि मिस्त्री चौकट खाली उतरवायचा. दीड महिना त्याने एका पोत्याच्या कमरेची काळजी घेतली होती. त्याला हसावं की पोतं दाजींच्या अंगावर टाकावं ते कळेना.

"अहो, तिला विचारलं का नाही?"

दाजींनी डबा सोडवायला घेतला. चिकटपट्टी निघेना. "नाही म्हणाली असती तर?" ते म्हणाले.

मिस्त्रीला आणखीनच राग आला. त्याने ताईला फोन लावला आणि असशील तशी निघून ये म्हणाला. घर दोन गल्ल्या पलीकडे. ताई कमरेला पट्टा बांधून, घरातल्या चपलांवर, सावकाश चालत आली. आधी तिने सीटकडे पाहिलं.

"हे कोण?"

मिस्त्रीने काही हातचं न राखता सगळं सांगितलं. ताई ऐकत राहिली, नवऱ्याकडे बघत राहिली. मग तिने पोतं उतरवायला लावलं, ओल्या सीटवर वर्तमानपत्र पसरलं, आणि आधी बूड टेकून मग एकेक पाय आत घेतला. चला, म्हणाली. दाजींना खिशातली किल्ली सापडेना.

मिस्त्री फाटकात उभा राहिला. हातात दुसरं काम घ्यावं हे त्याला सुचलंच नाही. पंचवीस मिनिटांनी गाडी परत आली. ताईने काच खाली केली. तिच्या कपाळावर घाम होता.

"बारक्या, उजव्या वळणावर मागचं अजून सरकतंय. ते भरीव बुश टाकून दिलेस का? पुढचे दोन ते घाल. मागचं रबर राहू दे."

"आणि कंबर?" दाजींनी विचारलं.

"दुखली. घरी खुर्चीत बसूनही दुखते." ती त्यांच्याकडे वळली. "सव्वा वर्ष दर रविवारी सकाळी आवरून बसते मी. तुम्ही विचाराल म्हणून."

दाजींनी इंजिन बंद केलं, पण स्टीअरिंगवरचे हात काही काढले नाहीत. मिस्त्री तोंडातल्या तोंडात दोघांना शिव्या घालत आत गेला आणि भंगाराच्या डब्यात भरीव बुश शोधू लागला. रविवारला तीनच दिवस होते.