सहीआधीचा दीड तास

सकाळी शाळेची घाई चालली होती. "जरा मान वाकव गं," वेणी घालता घालता आई म्हणाली, तर सहा वर्षांची पोर कळवळून ओरडली. मान वाकेचना. अंग तव्यासारखं तापलेलं, उजेडाकडे बघवेना. पाठोपाठ भडाभडा उलटी झाली.

आईनं कॉलेजात जीवशास्त्र घेतलं होतं. ताप आणि आखडलेली मान एकत्र आली की थांबायचं नसतं, हे तिला ठाऊक होतं. तिनं पर्स खांद्याला अडकवलीसुद्धा.

"कुठे निघालीस? शाळेचा कंटाळा आलाय तिला," सासूबाई म्हणाल्या. "आणि यांना न विचारता?"

त्या घरात पडद्याचं कापड असो की दवाखाना, हो म्हणायचे ते सासरे. तिनं त्यांना दुकानात फोन लावला. "जेवायला येतो, मग बघू." नवऱ्याला लावला. "बाबांना विचारलंस का?"

ती थांबली. कपाळावर ओल्या घड्या ठेवत बसली. सासरे बाराला आले, सावकाश जेवले. तोवर पोर गुंगीत गेली होती.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी आल्याआल्या शिरेतून औषध सुरू केलं, मेंदूचा स्कॅन केला. पलंगाची डोक्याकडची बाजू उचलली, उशी काढून मान सरळ ठेवली, घशात श्वासाची नळी घातली, सूज उतरवणारी बाटली लावली. मग त्या बाहेर आल्या. नवराही कामावरून तिथे पोहोचला होता.

"मेंदूच्या आवरणात जंतूंनी पू केलाय. आतलं पाणी तुंबलंय, सूज आहे, आणि कवटी काही ताणत नाही. दाब वाढतोय. औषधांनी भागेलसं दिसत नाही. कवटीला बारीक छिद्र पाडून, नळीनं ते पाणी बाहेर काढावं लागेल. आई किंवा वडील, कुणीही सही करा."

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजले होते. कागद आईसमोर धरलेला होता. ती एक पाऊल मागे सरली. कुणी ढकललं नव्हतं. सवयीनंच तिनं सासऱ्यांकडे बोट केलं.

"डोक्याला भोक?" सासरे म्हणाले. "अहो, मुलीची जात आहे. उद्या लग्नाचं बघताना लोक विचारतील, डोक्यात काय बिघाड होता म्हणून."

"केस वाढले की व्रण झाकतो, काका. आधी ती वाढू तर द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मुलगा असता तर एवढं विचारलं असतंत?" नर्सनं फटकन विचारलं.

"तुम्ही तुमचं काम करा, ताई."

नवरा बुटांच्या नाड्यांकडे बघत राहिला. सासऱ्यांनी भावाला फोन केला, भावानं ओळखीच्या कुणाला तरी. डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या, पुन्हा सांगून गेल्या. साडेतीनला नर्स धावत बाहेर आली. "एका डोळ्याची बाहुली मोठी झालीय! उजेड टाकला तरी आकसत नाही!"

आईनं कागद ओढून घेतला.

"सूनबाई!" सासरे गरजले.

"तिची आई आहे मी," ती म्हणाली, आणि सही केली. अक्षर इतकं वेडंवाकडं आलं की तिचं तिलाच ओळखू येईना.

पोर वाचली. चालते, हसते, ताटात भाजी टाकते. पण दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. "हा आजारच कान नेतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लवकर आणलं असतं तर? कदाचित. नक्की कुणीच सांगू शकणार नाही." त्या 'कदाचित'नं आईची झोप उडवली.

पुढे पाहुणे आले की सासूबाई कौतुकानं सांगू लागल्या, "आमची सून म्हणजे वाघीण हो! सगळ्यांसमोर सही ठोकली." धरणीनं दुभंगून पोटात घेतलं तर बरं, असं सुनेला वाटे. एकदा चहाचा ट्रे तसाच टेबलावर ठेवून ती बोललीच.

"वाघीण कसली, आई? मान आखडली ती सकाळी सातला, मला तेव्हाच कळलं होतं. मी दुपारपर्यंत थांबले. कागद दोनला समोर आला, माझी सही तेव्हाही चालत होती. मी साडेतीनला केली. मधे मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं."

पाहुण्यांतली एक तरुण सून मांडीवरच्या तान्हीला घट्ट धरून हळूच म्हणाली, "वहिनी, आमच्याकडेही दवाखान्यात विचारूनच नेतात."

"नेल्यावर सांगायचं," आई म्हणाली.