एका पाटावर दोघे

चार दिवसांसाठी घरी आलेला मुलगा आईकडे पाठ करून बसतो, याला काय म्हणावं? आमच्या ढुंढिराजने तेच केलं. त्याच्या वडिलांचं वर्षश्राद्ध सोमवारी झालं आणि मंगळवारपासून तो त्यांच्या खोलीत एका खोक्यासमोर. कुणा कचेरीने टाकून दिलेला दहा वर्षांचा जुनाट कम्प्यूटर. आमच्या दूधविनायकाच्या गल्लीत तो हमालाच्या डोक्यावरून आला. जेवायला हाक मारली की "आलो आई," म्हणायचा आणि यायचा नाही. वरण तीनदा तापवलं.

"हे सोंग कशाला आणलंस?" मी विचारलं.

"तुझ्यासाठी. यात लिनक्स प्रणाली घालतोय, जुन्या मशीनवरही चालते. टेलिफोनच्या तारेवरून माझं पत्र रोज येईल. मग मला सारखं यायला नको."

सारखं म्हणजे वर्षातून दोनदा. मी त्याच्या पोळीला तूप लावायला घेतलं. जरा जास्त लागलं, एवढंच.

पण खोकं काही चालेना. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर धावायची आणि एका ओळीवर गप्प व्हायची. बंद कर, चालू कर, पुन्हा तीच ओळ. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं. गुरुवारी त्याची गाडी. "नाहीच झालं तर दिवाळीत येऊन बघतो," असं त्यानेच कबूल केलं होतं.

बुधवारी दुपारी त्याने खोकं उघडलं. आत हिरव्या पट्ट्या उभ्या, तो त्यांना कार्डं म्हणतो. त्याचा चेहरा उतरलेला, अगदी बापासारखा. ते बघवेना.

"काय अडलंय?"

"आई, दोन कार्डं मेमरीतली एकच जागा मागताहेत. दोघं तिथेच येतात आणि सगळं थांबतं."

मला हसू आलं. सोमवारी श्राद्धाला तेच झालं होतं. पितरांच्या नावाने जेवायला बसायच्या पाटासाठी मी दुर्गाघाटाच्या भटजींना सांगितलं आणि याने मला न विचारता दुसऱ्यांना फोन केला. दोघेही त्याच पाटाशी उभे, कुणी हटेना, पानावरचा भात निवला.

"दोघांची कामं काय?"

"एक डिस्क चालवतं. दुसरं त्या कचेरीतलं, दहा कम्प्यूटर एकमेकांना जोडायला होतं."

"इथे कुठे आहेत दहा? इथे मी एकटी. उठव त्याला."

"असू दे म्हटलं, कधी कामाला येईल..."

"उठव."

त्याने स्क्रू काढून ती पट्टी उपटली, खिडकीत ठेवली. बटण दाबलं. अक्षरं धावली, त्या ओळीपाशी आली आणि पुढे गेली. जातच राहिली. म्हणजे दिवाळीचं येणं गेलं.

"आई, झालं! चाललं!" दोन दिवसांत पहिल्यांदा तो माझ्याकडे वळला.

मी खिडकीतल्या पट्टीकडे बघत होते. ऊन पडलं होतं तिच्यावर. चांगली धडधाकट होती.

"ऐक, ढुंढ्या," मी म्हटलं, "तू शिकलास खूप, पण अक्कल कच्चीच राहिली. पत्र रोज पाठव, वाचीन मी अडखळत. पण दिवाळीला मी तुझा पाट मांडणार आहे, आणि पत्राला काही जेवता येत नाही. आता ऊठ. वरण चौथ्यांदा तापवायची नाही मी."