साडेअकराची परीक्षा

मंगळवारी सकाळी अकरा वाजून पस्तीस मिनिटांनी दिपमालाच्या मुलीला सहाव्यांदा नापास करण्यात आलं. परीक्षा होती आईच्या अंगावर पिण्याची. परीक्षार्थी एकवीस दिवसांची, सोळाशे चाळीस ग्रॅमची, दोन महिने आधीच जगात आलेली आणि त्या घडीला गाढ झोपलेली.

धुळ्यातल्या त्या खासगी दवाखान्यात यासाठी छापील फॉर्म होता. बाळ जागं आहे का, तोंड उघडतं का, बोट दिलं तर चोखतं का, चोखताना श्वास अडतो का. प्रश्नांत काही खोट नव्हती. पण सोनवणे डॉक्टर शिरपूरची ओपीडी उरकून यायचे आणि साडेअकराला राउंड घ्यायचे, आणि अकराला पुनम सिस्टर नाकातल्या नळीतून बाळाला बत्तीस मिली दूध द्यायच्या. आधी पोट गच्च भरायचं, मग अर्ध्या तासानं भूक आहे का ते तपासायचं. यासाठी वातानुकूलित खोली होती, काचेची पेटी होती आणि भिंतीवर तीन प्रमाणपत्रं होती.

"झोपाळू आहे," डॉक्टर म्हणाले. "तुमचं दूधही कमी होत चाललंय. उद्याचा राउंड बघू, नाहीतर वाटी-चमच्यानं पावडरचं सुरू करू आणि घरी सोडू."

दूध कमी होतंय हे दिपमालाला सांगायला डॉक्टर नको होते. पहिल्या आठवड्यात पंपाच्या बाटलीत एका वेळी साठ मिली यायचं, आता पस्तीसवर आलं होतं. मशीनपुढे अंग किती दिवस पान्हा सोडणार? एकदा पावडर घेऊन सोनगीरला घरी गेलं की संपलंच.

"सर, भरल्या हंड्यात पाणी ओतायचं आणि हंडा पाणी घेत नाही म्हणायचं, तसं चाललंय हे."

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही काय करता?"

"सासरे तांब्या-पितळेची भांडी घडवतात. मी दुकानावर बसते."

"मग भांड्यांचं तुम्ही बघा."

बाहेर बाकावर सासू झुंबरबाई डबा घेऊन बसली होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "डॉक्टरले बठ्ठं समजस, फक्त टाइम समजत नही." मग डबा उघडून म्हणाली, "जेव तू. त्यास्नं पोट भरेल शे, तुनं भराले पाहिजे."

बुधवारी दहा पस्तीसला दिपमाला मुलीला गाऊनच्या आत, छातीला छाती लावून बसली होती. हा रोजचा तास. याच वेळी मुलगी जागी व्हायची, मान वळवायची, तोंड उघडून गाऊनची कड शोधायची आणि मूठ तोंडात कोंबायची. हे सारं फॉर्ममधल्या प्रश्नांना धरून होतं. बघायला मात्र कुणी नसायचं, कारण याच वेळी सिस्टर राउंडचे फॉर्म भरत बसायच्या.

आज सिस्टर फाइल शेजारच्या स्टुलावर ठेवून हात धुवायला गेल्या. दिपमालानं मान वाकडी करून वाचलं. तारीख आजची. वेळ ११.३५. 'बाळ झोपेत. तयार नाही.'

"सिस्टर, किती वाजले?"

"दहा चाळीस."

"मग साडेअकराला ही झोपलेली असेल, हे आत्ताच कसं कळलं?"

पुनम सिस्टरनी फाइल उचलली. "ताई, रोज झोपतेच ना ती. सर आले की फॉर्म तयार लागतात."

"रोज झोपते कारण रोज अकराला तुम्ही तिला जेवायला घालता. आता बघा. फुकट आहे."

सिस्टरनी बघितलं. मग हातमोजा चढवून करंगळी पुढे केली. मुलीनं ती धरली. सात वेळा ओढलं, थांबली, श्वास घेतला, पुन्हा ओढायला लागली. ओठ गुलाबीच राहिले.

"चांगली ओढते की," सिस्टर म्हणाल्या. आवाजात तक्रार होती.

"लावू का मग?"

"सरांच्या सहीशिवाय नाही."

"निदान ते लिहिलेलं तरी खोडा."

सिस्टरनी खोडलं नाही. फोन लावला. पलीकडून डॉक्टरांचा आवाज दिपमालालाही ऐकू आला. "मी आल्यावर बघतो. तोपर्यंत अकराचं फीड देऊ नका. निघतोच आहे."

अकरा वाजले. दुधानं भरलेली सिरिंज ट्रेमध्ये तशीच पडून राहिली. बाहेरून झुंबरबाईनं काचेवर बोट वाजवून भुवया उडवल्या. दिपमालानं खांदे उडवले.

अकरा वीसला सिस्टरनी पुन्हा फोन केला. कंपाउंडरनं उचलला. साहेब शिरपूरलाच होते, अजून चार पेशंट बाकी होते.

मुलगी जागी होती. मूठ चोखत होती. पापण्या मात्र जड व्हायला लागल्या होत्या. फाइलमधलं 'बाळ झोपेत' अजून खोडलेलं नव्हतं.