फसीखवरची गोळी

मी एक जुनी उबवणपेटी आहे. इजिप्तमधल्या दमियात शहरातल्या एका प्रयोगशाळेत माझा मुक्काम. अंडी नाही हं मित्रांनो, मी जंतू उबवते. माणसाच्या अंगाइतकी ऊब द्यायची आणि सकाळी काय उगवलं ते बघायचं, याच कुतूहलात माझी एकवीस वर्षं सरली. नवी होते तेव्हा माझं कोण कौतुक! आता माझं दार चिकटपट्टीने बांधतात.

वसंताचा सण उलटला आणि लाकडावर नक्षी कोरणाऱ्या हाज मेतवल्लींच्या गुदाशयातल्या जंतूंचा नमुना माझ्याकडे आला. त्यांच्या प्रोस्टेट ग्रंथीचे तुकडे तपासायला काढायचे होते. सुई गुदाशयातून बारा वेळा जाणार. तिथले जंतू रक्तात शिरले तर जिवावर बेतायचं, म्हणून आधी एक प्रतिबंधक गोळी देतात. ती मेतवल्लींना वाचवेल का? मला रात्रभर चैन पडेना.

सकाळी डॉक्टर इब्तिहालनी त्या जंतूंची काचेची ताटली माझ्यातून काढून उजेडात धरली. त्या गोळीच्या औषधाची टिकली ताटलीवर ठेवलेली होती. औषध लागू पडत असतं तर जंतू मरून तिच्याभोवती मोकळं कडं दिसलं असतं, पण जंतू तिला खेटून वाढले होते! त्यांनी स्पीकर चालू करून मेतवल्लींना फोन लावला.

"हाज, एवढ्यात अँटिबायोटिक घेतलंत?"

"छे! औषधाला मी शिवतसुद्धा नाही, दोक्तोरा."

मागून त्यांची बायको फिक्रिया कडाडली, "थापा मारू नका! सणाला फसीख खाल्लं की गोळ्या कोण गिळतं?"

"अगं, ते काय औषध आहे? खारवलेला मासा बाधू नये म्हणून सगळी गल्लीच घेते!"

"पाकिटावरचं नाव वाचा," इब्तिहाल म्हणाल्या.

तीच गोळी होती. मेतवल्ली ती दरवर्षी सणाला घेत, आणि मधूनमधून उगाचच. तिच्याशी झुंजून जे जंतू टिकले, तेच त्यांच्या पोटात वाढले होते.

सुदैवाने दुसऱ्या एका टिकलीभोवती छान रुंद कडं होतं. सुईआधी मेतवल्लींना तेच औषध टोचलं. चार दिवस माझ्या जिवात जीव नव्हता. पण ताप आला नाही, आणि मला फार आनंद झाला.

मित्रांनो, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय अशी गोळी घेऊ नका. मेतवल्लींसाठी दुसरं औषध शिल्लक होतं. गेल्या महिन्यात एक ताटली आली, तिच्यावर एकाही टिकलीभोवती कडं नव्हतं. इब्तिहालनी ती पुन्हा पुन्हा उजेडात धरून पाहिली, आणि मग त्या पेशंटच्या मुलीला फोन लावला.