कोरी माती

तिजानीकाकांनी कुदळ थांबवली, खड्ड्यातून मूठभर माती उचलली आणि अंगठ्याने चुरून पाहिली. वर उभा असलेला बाबिकर ते बघत होता. त्याच्या मागे दोरीच्या खाटेवर, पांढऱ्या कफनात, त्याची आई होती.

कबर खणायला वद-हलीबमध्ये मजूर लावत नाहीत. हाक गेली की घरटी एक माणूस फावडं घेऊन येतो. आजही वीसेक जण आले होते, आणि खणण्यात तिजानीकाकांचा हात धरणारा नाईलकाठच्या या गावांत कुणी नव्हता. त्याच्या आईने, हाजा बतूलने, मरताना एकच मागितलं होतं, नवऱ्याला अगदी खेटून जागा द्या. म्हणून मक्केच्या बाजूला प्रेताचा कोनाडा काढताना काकांची कुदळ थेट बाबिकरच्या वडिलांच्या कबरीच्या उंचवट्याखाली शिरली होती.

बारा वर्षांपूर्वी गावाचं जुनं कबरस्तान नव्या विमानतळाच्या धावपट्टीत गेलं. जमिनीच्या कचेरीतला कारकून म्हणून बाबिकरच दारोदार अंगठे घेत फिरला. हजला आता इथूनच जाल म्हणाला, पोरं इथूनच परदेशी नोकरीला जातील म्हणाला. लोक त्याच्या तोंडाकडे पाहून तयार झाले. आमची माणसं तेवढी नीट हलव, एवढंच म्हणाले.

हलवताना उघडलेली कबर घरच्यांनी पाहायची नसते, म्हणून तेव्हा जुन्या कबरस्तानाभोवती कनाती लावल्या होत्या. आत मजुरांचं काम सुरू झालं आणि धावपट्टी बांधणाऱ्या कंपनीचे रोलर ठरल्यापेक्षा आठवडाभर आधीच येऊन थडकले. काम अडलं तर विमानतळाच्या फाटकावर देऊ केलेली नोकरी विसर, असं कंपनीच्या साहेबाने सुनावलं. बाबिकरने मान डोलावली. दोन दिवसांत नव्या जागेवर उंचवटे उभे राहिले, नावांचे दगडसुद्धा लागले.

विमान मात्र एकही उतरलं नाही. आधी सरकारचा पैसा आटला, मग लढाई पेटली आणि इंजिनियर रोलर तिथेच टाकून पळाले. आता त्या बिनछपराच्या इमारतीत राजधानीतून जीव वाचवून आलेली माणसं चुली पेटवतात. बाबिकरची नोकरी सात महिने टिकली. सात महिन्यांसाठी त्याने बाप डांबराखाली घातला, आणि आई बारा वर्षं दर शुक्रवारी या उंचवट्यावर पाणी शिंपडत राहिली. तिच्या शेजारी हा निलाजरा हात पसरून दुआ मागत उभा राहायचा.

"बाबिकर, ही माती कोरी आहे रे," काका खड्ड्यातूनच म्हणाले.

"बारा वर्षं झाली काका. दबून बसली असेल."

"मला शिकवतोस? एकदा खणलेली माती म्हाताऱ्या हाताला कळते. ही मुळं बघ, कशी सलग आलीत. इथं कुणी कधी फावडं लावलेलंच नाही. तुझा बाप कुठाय?"

बाबिकरने धावपट्टीकडे बोट केलं.

मग त्याचा शेजारी हमदनील पुढे झाला. भला माणूस. "जागा दाखव," तो म्हणाला. "फोडू डांबर. वीस जण आहोत. चाचीला तिथंच नेऊ."

"जागा माहीत नाही. खुणेचे दगड भरावात गेले."

ऊन चढत होतं, प्रेत ठेवून चालणार नव्हतं. त्यांनी हाजा बतूलला कोऱ्या मातीतच निजवलं, वर विटा लावल्या, माती लोटली. दुआ झाली. बाबिकरचं सांत्वन करायला मात्र कुणी पुढे आलं नाही. तेवढ्यात हमदनीलचा चेहरा उतरला.

"आणि माझी आई?"

बाबिकर खाली वाकून आईच्या कबरीवरची माती सारखी करू लागला.

"एकूण किती माणसं हलवलीस?" हमदनीलने विचारलं.

"अकरा."

उंचवटे साठाच्या वर होते. कुठली अकरा, हे कुणी विचारलं नाही. एकेक जण आपलं फावडं उचलून आपापल्या घरच्या उंचवट्यापाशी जाऊन उभा राहिला. खणलं मात्र कुणीच नाही.